शरणाप्पांनी नेलेली शेगडी

शरणाप्पांनी देवळातला माइक हातात घेतला, की गावातली बरीच माणसं हातातलं काम थांबवत आणि काही जण घाईघाईनं घरात जात. आज आपला नंबर लागतो की काय, ही घरात जाणाऱ्यांची भीती. मंडप, भांडी आणि लाउडस्पीकर भाड्यानं देणं हा शरणाप्पांचा धंदा. त्यामुळं बारसं असो, लग्न असो, यात्रा असो की ग्रामसभा, गावातलं काहीही त्यांच्याशिवाय उभं राहत नसे. सूचना सांगायचं काम कुणी न सोपवताच त्यांच्याकडं आलं होतं. सूचना लिहून दिली तरी ते वाचत नसत. कागद हातात धरत, एकदा वरपासून खालपर्यंत बघत आणि मग मनाला येईल ते बोलत.

"कालच्या लग्नातून कुणीतरी नव्या चपला घालून गेलंय," असं एकदा त्यांनी सकाळी सकाळी जाहीर केलं. "चपला आठ नंबरच्या हाइत आन नेणाऱ्याचा पाय सहाचा हाय, आमी बघितलंय. वाटंत पडायच्या आदी आणून ठिवाव्यात." दुपारच्या आत चपला देवळाच्या पायरीवर आल्या. पाय सहाचा आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कळलं न्हाय बाई. पर ज्यानं नेल्या त्याला वाटलं, ह्यांना कळलं."

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या अलीकडं. भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं, म्हणून गल्ल्या सरळ, रुंद आणि घरं एकसारखी दोन खोल्यांची. मी धाराशिवहून इथल्या शाळेवर बदलून आले तेव्हा शरणाप्पांच्या शेजारची खोली भाड्यानं मिळाली. पहिल्या संध्याकाळी मी ट्रंक उघडून भांडी लावत होते आणि देवळावरून त्यांचा आवाज आला. "शाळंत नव्या बाई आल्यात. शहरातल्या हाइत. त्यांना दूध पातळ घालू नये, त्यांना कळतंय." मला काहीही कळत नव्हतं. पण त्या गावात मला कधी पातळ दूध मिळालं नाही.

बुटकी मूर्ती, पांढरा पायजमा, खांद्यावर टॉवेल, गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग आणि सदऱ्याच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. बोलता बोलता समोर जे सैल दिसेल ते ते बांधून टाकत. माझ्या दाराची कडी, शाळेतल्या टेबलाचा डुगडुगता पाय, शेजारणीचं सुटून येणारं करडू, सगळं त्या सुतळीनं जागेवर राहिलं होतं. उमरग्याच्या बाजूच्या बऱ्याच घरांसारखं त्यांच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं. खोडी पकडली गेली की ते हटकून कानडीत शिरत. "इरली बिडी," म्हणत. म्हणजे असू द्या, सोडून द्या. पकडणाऱ्यानं काय सोडायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं.

आमच्याच गल्लीत कस्तुराबाईंचं घर होतं. घर एक, दारं दोन. पुढच्या खोलीत सून सुनीता, तिचा नवरा विजू आणि त्यांची लहान मुलगी. मागच्या खोलीत एकट्या कस्तुराबाई. झालं होतं असं, की नातीच्या बारशाला विहीणबाई आल्या आणि पंगत बसलेली असताना कस्तुराबाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या लेकीची भाकरी म्हंजी नांगराचा फाळ हाय." सुनीतानं हातातलं ताट खाली ठेवलं. "मग आत्याबाईंनी आपली आपण करून खावी," असं म्हणाली. त्याच संध्याकाळी चुली वेगळ्या झाल्या. बारशाची ती पोरगी आता अंगणवाडीत जायला लागली होती, तरी चुली वेगळ्याच होत्या.

यात हाल होते विजूचे. तो उमरग्याला हायवेवरच्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा. संध्याकाळी मोटारसायकलवरून आला की आधी मागच्या दारानं आईकडं जेवायचा आणि मग पुढच्या दारानं येऊन बायकोकडं. कुणाकडं कमी खाल्लं तर विचारणा व्हायची. चांगला काटक माणूस, पण त्याच्या सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली होती आणि खिशात पित्ताच्या गोळ्या असायच्या.

शरणाप्पांना मात्र या भांडणानं दोन ठिकाणचा चहा मिळायचा. सकाळी सुनीताच्या ओट्यावर बसून ते म्हणायचे, "म्हातारीच्या चहाला जरा आलं असतंय बगा." मग वळसा घालून मागच्या दाराशी जायचे आणि तिथं म्हणायचे, "सूनबाई दूध लई सोडती." दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचा चहा सुधारलेला असायचा.

त्या उन्हाळ्यात जनगणनेतलं घरांच्या नोंदीचं काम निघालं आणि आमच्या गावाच्या निम्म्या भागासाठी प्रगणक म्हणून माझी नेमणूक झाली. सुट्टी गेली याचं वाईट वाटत होतंच, पण जास्त काळजी होती ती लोक खरं सांगतील का याची. मी शरणाप्पांना म्हटलं, "आप्पा, तुमच्या शब्दांत नको, माझ्या शब्दांत सांगा. सरकारी काम आहे." त्यांनी मान डोलावली, माझा कागद घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि माइक सुरू केला.

"उद्यापास्नं बाई दारोदार येणार हाइत. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी कुठनं येतंय, असं विचारतील. टीव्ही असंल तर हाय म्हणा, फ्रिज असंल तर हाय म्हणा. त्याच्यावर कर लागत न्हाय. आन आपल्याच घराचं सांगा. शेजाऱ्याच्या घरात काय हाय ते बाई शेजाऱ्याला विचारतील, त्यासाठी तुमी तरास घेऊ नका."

संध्याकाळी देवळासमोर मंडप घालून त्यांनी माझ्यासाठी बैठकही बोलावली. बायामाणसं बरीच जमली. मी समजावून सांगत होते, की जनगणनेत घर आणि कुटुंब वेगळं धरतात. एका घरात राहणारी आणि एका चुलीवरचं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. चुली दोन असतील तर कुटुंबं दोन.

मी एवढं म्हणते आहे तोच कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. "मग माझं निराळं लिवा, बाई. माझी चूल निराळी हाय."

बायकांच्या दुसऱ्या टोकाला सुनीता बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "लिवाच."

मी शरणाप्पांकडं बघितलं. अशा वेळी ते हमखास काहीतरी बोलून लोकांना हसवत. पण ते खाली बघून सुतळी बोटाला गुंडाळत बसले होते.

बैठक उठल्यावर ते माझ्या खोलीच्या दाराशी आले. "बाई, म्हातारीच्या कुटुंबात माणसं किती लिवणार?"

"एक."

"लेक त्याच घरात हाय की. नात बी हाय."

"ते सुनीताच्या कुटुंबात, आप्पा."

"म्हंजी लेक, सून, नात एका भिंतीपलीकडं, आन हिच्या नावाफुडं एकटी. तसंच दिल्लीपत्तुर जाणार?"

"जे आहे ते लिहायचं असतं. मला त्यात बदल करता येत नाही."

मला वाटलं, आता हे गळ घालतील. पण ते म्हणाले, "व्हय, व्हय. खोटं न्हाय लिवायचं. आमच्या गल्लीत कवा येणार?"

"यात्रा झाल्यावर. देवळाच्या मागच्या बाजूनं सुरुवात करणार आहे."

"बेस झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या खिडकीची लोंबती दोरी उगीचच घट्ट बांधली आणि निघून गेले.

यात्रा दोन दिवसांवर आली होती. महाप्रसादाला दरवर्षीप्रमाणं हुग्गी करायची होती, म्हणजे गहू भरडून गुळात शिजवलेली दाट खीर. मोठ्या भट्ट्या देवळामागं खणल्या होत्या. यात्रेच्या सकाळी शरणाप्पा हातगाडी घेऊन गल्लीतून फिरले आणि कस्तुराबाईंच्या मागच्या दाराशी थांबले. बाहेरगावच्या भजनी मंडळींच्या चहासाठी तुमची गॅसची शेगडी एका दिवसापुरती द्या, म्हणाले. देवाचं काम, कस्तुराबाईंनी लगेच दिली. शेगडी त्यांना भावानं दिलेली होती, स्टीलची, पुढच्या पट्टीवर त्यांचं नाव कोरलेलं. जाता जाता अंगणात रचलेल्या तुराट्याही शरणाप्पांनी गाडीत टाकल्या. भट्टीला जळण कमी पडतंय, म्हणाले. त्या द्यायला कस्तुराबाई खळखळल्या, पण तुराट्या गेल्याच.

यात्रा झाली. पालखी फिरली, हुग्गी संपली, पाहुणे गेले. शेगडी मात्र परत आली नाही. कस्तुराबाईंनी निरोप धाडला. शरणाप्पा येऊन म्हणाले, "बर्नर चोंदलाय. दुसऱ्याची वस्तू तशीच कशी परत करायची? उमरग्याला दुरुस्तीला टाकलीय." दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला लग्नाला गेला होता. त्यानंतर त्याला सामान मिळत नव्हतं. कस्तुराबाईंच्या खोलीत सिलिंडर होता आणि शेगडी नव्हती. अंगणात जुनी मातीची चूल होती आणि तुराट्या नव्हत्या.

यात्रेनंतरच्या पहिल्या दिवशी त्यांनी चुरमुरे खाल्ले आणि भूक नाही असं सांगत राहिल्या. संध्याकाळी विजू आईकडं गेला तर जेवायला काही नव्हतं. तो मागच्या दारानं गेला तसाच मागच्या दारानं बाहेर आला आणि सुनीतासमोर जाऊन बसला. हे मला सुनीतानंच नंतर सांगितलं. ती म्हणाली, "बाई, माजा राग होता. पर म्हातारं माणूस पलीकडं चुरमुरं चावतंय, आवाज येत होता. मला घास जाईना." तिनं ताट वाढलं, मुलीच्या हातात दिलं आणि मागच्या दाराला पाठवलं. ताट रिकामं होऊन परत आलं. बरोबर निरोप आला, "भाजी बरी हाय. भाकरीचं काय ते शिकायला लागंल."

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई स्वतःच पुढच्या दारानं आत आल्या. परातीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सरक. बघ, असं पीठ मळायचं असतंय." सुनीता सरकली नाही. पण परातीचा अर्धा भाग तिनं मोकळा केला.

मी त्यांच्या दाराशी पोचले तोवर शेगडी जाऊन बरेच दिवस झाले होते. रेंज देवळाच्या कट्ट्यावरच नीट मिळायची, म्हणून मी मोबाइलवर सगळं भरून ठेवत होते आणि नंतर पाठवत होते. पुढच्या खोलीत बसले. विजू त्या दिवशी कामाला गेला नव्हता. तो भिंतीला टेकून निकाल लागायची वाट बघणाऱ्या मुलासारखा बसला होता. भिंत, छत, फरशी, नळ हे झालं. मग मी विचारलं, "कुटुंब एक की दोन?"

कस्तुराबाईंनी सुनीताकडं बघितलं. सुनीतानं पदरानं पोरीचं नाक पुसलं.

"सध्या शेगडी एकच हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

"ते शेगडी नाही म्हणून. आल्यावर?" मला विचारणं भाग होतं.

"आल्यावर आल्यावरचं बघू," त्या पुटपुटल्या.

सुनीता पोरीचं नाक पुसतच म्हणाली, "एकच लिवा, बाई. शेगडी आली तरी आत्याबाईंना मी हितंच वाढणार हाय. एवढ्याशा कढईत एकट्यापुरतं करत्यात आन करपवून खात्यात. माज्या पोरीला वास येतो."

"आन हिची भाकरी अजून फुगंना," कस्तुराबाई म्हणाल्या. "मी न्हाय बसले तर हे दोघं काय खातील? एकच लिवा."

मी एक लिहिलं. कुटुंबप्रमुखाचं नाव विचारल्यावर विजूनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी सुनीतानं सासूकडं बोट केलं. कस्तुराबाई सावरून बसल्या आणि त्यांनी आपलं नाव, नवऱ्याचं नाव, माहेरचं नाव, सगळं खणखणीत सांगितलं. माहेरचं नाव कुणी विचारलेलं नव्हतं. विजूनं खिशातल्या गोळ्या काढून फडताळावर ठेवल्या.

पुढचं घर शरणाप्पांचं. कामाची गंमत बघायला म्हणून कस्तुराबाई आणि सुनीता दोघी माझ्याबरोबर आल्या. शरणाप्पा ओट्यावर सुतळी वळत होते. दोघींना एकत्र येताना बघून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. ते घाईनं उठून दारात उभे राहिले. "बाई, हितंच बसा, बाहीर वारं हाय." पण ऊन मी म्हणत होतं आणि मी आत गेलेसुद्धा.

गंगाकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्यासाठी चहा ठेवत होत्या. गंगाकाकूंना खोटं बोलता येत नसे, हे त्यांच्या संसारातलं मोठं संकट होतं. मी विचारलं, "स्वयंपाकाला गॅस आहे का?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "ही शेगडी तेवढी आमची न्हाय. ही कस्तुराबाईची. आमची माळ्यावर ठिवलीय. हे म्हणले, ही वापर, बंद ठिवली तर गंज चढंल."

चहा उकळत होता. शेगडीच्या पट्टीवरचं नाव दारातूनही वाचता येत होतं. कस्तुराबाईंनी ते नाव बघितलं, निळा जाळ मारणारा चोख बर्नर बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "शरणाप्पा, उमरगा लई जवळ आलं की रं."

"इरली बिडी," शरणाप्पा म्हणाले.

पण सोडून देईल ती सुनीता कसली. तिनं पदर खोचला. "आप्पा, तुमाला वडलावाणी मानलं. आन तुमी आमच्या म्हाताऱ्या माणसाला फसवता? देवाचं नाव घेऊन शेगडी न्हेता? आमच्या आत्याबाईंनी चुरमुऱ्यावर दिवस काढला." तिच्यामागून कस्तुराबाई सुरू झाल्या. एक थांबली की दुसरी, दोघींना एकमेकींची वाक्यं पुरी करता येत होती. शरणाप्पा टॉवेल दोन्ही हातांत धरून मान खाली घालून उभे होते. मला काम उरकायचं होतं. मी मध्येच विचारलं, "घरात मुख्य धान्य कोणतं खाता?"

"एरवी ज्वारी," ते मान वर न करता म्हणाले. "आज शिव्या."

शेगडी त्याच दिवशी परत गेली आणि शरणाप्पांचा चहा बंद झाला. ते गल्लीतून निघाले की ओट्यावर बसलेल्या दोघी उठून आत जात आणि दार लावून घेत. विजू त्यांना चोरून नमस्कार करायचा. त्याचा सदरा पुन्हा अंगाला नीट बसायला लागला होता.

एकदा मी शरणाप्पांना म्हटलं, "आप्पा, मी जाऊन सांगते त्यांना, तुम्ही कशासाठी केलं ते."

"अजाबात सांगू नका," ते दचकून म्हणाले. "माज्यावर राग हाय तवर दोघी एक हाइत. राग गेला की भाकरीवर येतील." मग थोडं थांबून म्हणाले, "तोटा झाला तो माजाच बगा. पैलं दोन घरचा चहा होता. आता दोन घरं एक केली आन तितं बी मिळंना." पण 'आमच्या आत्याबाई' हे सुनीताचे शब्द मी ऐकले ना, हे त्यांनी मला नंतर कितीदा तरी विचारलं. दर वेळी मी ऐकले म्हणून सांगायची आणि दर वेळी ते पुन्हा सुतळी वळायला लागायचे.

दसऱ्यानंतर एका सकाळी ते अंगणात दात घासायला बसले आणि तिथंच कलंडले. उमरग्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. माणसांची मोजणी पुढं व्हायची होती, तीत शरणाप्पा नसणार. दुपारी त्यांच्या शेतात त्यांना माती दिली. गावातल्या मंडपाचे बांबू त्या दिवशी लोकांनी स्वतः बांधले आणि त्यातले दोन सुटून पडले.

दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. संध्याकाळी मी गंगाकाकूंजवळ बसले होते तेव्हा कस्तुराबाई आणि सुनीता आल्या. पिठल्याचं मोठं पातेलं दोघींनी मिळून आणलं होतं, एकीनं एक कड धरलेली, दुसरीनं दुसरी. भाकऱ्यांचं फडकं सुनीताच्या खांद्यावर. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि बसल्या. मला राहवेना. मी म्हटलं, "कस्तुराबाई, आप्पांनी शेगडी का लपवली होती, ते आता तरी ऐका."

"आमाला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "गंगीनं आठ दिवसांत सांगितलं. तिच्या पोटात काय ऱ्हातंय?"

"मग इतके महिने राग?"

"राग कसला, बाई. राग गेला म्हणून सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यानं माइकवर साऱ्या गावाला सांगितलं असतं, सासूसून कशी एक केली ते. तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती."

सुनीता पिठल्यावरचं झाकण काढत होती. ती हळूच म्हणाली, "आन आप्पा दारावरनं जाताना आमी दोघी उठून आत गेलो, की लई खूश व्हायचे. फुडं गेले की मागं वळून बगायचे. आमी फटीतनं बगत होतो. म्हून रोज उठत होतो."

गंगाकाकूंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला आणि त्या दोघींकडं बघत राहिल्या. सुनीतानं एक भाकरी मोडली, कस्तुराबाईंनी तीवर पिठलं वाढलं आणि ताटली काकूंच्या पुढं सरकवली.